लोडर कोणी घ्यावा?

(ऊस विकास विभागाकडून)



ऊस नोंदीच्या दिवसांत गट कार्यालयात गर्दी असते. नोंद झाली, पावती खिशात गेली, तरी काही सभासद उठत नाहीत. बाकीचे पांगले की ते हळूच एक घडी घातलेला कागद पुढे करतात आणि म्हणतात, "साहेब, जरा हे बघता का?" पूर्वी हा कागद ट्रॅक्टरचा असे, मधल्या काळात ठिबकचा असे. अलीकडे तो लोडरच्या कोटेशनचा असतो. एकाच आठवड्यात असे तीन कागद माझ्यापुढे आले. त्यांतल्या एका सभासदाचा ऊस आहे सहा एकर आणि गोठ्यात जनावरे नऊ. ते गेल्यावर मला रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून हा लेख लिहावयास घेतला.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. त्याचे पूर्ण नाव स्किड स्टिअर लोडर. कोणी त्याला 'बॉबकॅट' म्हणतो, कोणी 'छोटा जेसीबी'. पाच-सहा फूट रुंदीचे, चार चाकांचे, पुढे बकेट आणि दोन भुजांच्या मधोमध पिंजऱ्यात बसलेला ड्रायव्हर. याची सारी खुबी चाकांत आहे. ट्रॅक्टरची पुढची चाके वळतात तशी याची वळत नाहीत. डावीकडच्या दोन चाकांना वेगळा जोर, उजवीकडच्या दोन चाकांना वेगळा. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे फिरवली की यंत्र चाके घासत जागच्या जागी गिरकी घेते. घाण्याच्या बैलाला लागते तेवढीही जागा त्याला लागत नाही. ही गिरकी एकदा पाहिली की माणूस भुलतो. मीही भुललो होतो, ते पुढे सांगतो.

मोठा जेसीबी आणि हा लोडर यांत गल्लत करू नये. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाने १९४५ साली कंपनी काढली, १९७९ मध्ये ती भारतात आली आणि त्याच्या नावाची तीन अक्षरे आपल्या भाषेतला शब्दच होऊन बसली. आता तर निवडणूक जिंकलेल्या उमेदवारावर फुले उधळायलाही जेसीबीच लागतो! पण त्या यंत्राला मागे खोदणारा हात असतो. विहिरीची माती, चारी, पाइपलाइनचा चर, शेताचा बांध ही त्याची कामे, आणि तो आज गावोगाव तासावर भाड्याने मिळतो. छोट्या लोडरला मागचा हात नाही. तो मुळात उचलणारा आणि भरणारा आहे, खोदणारा नव्हे. तेव्हा "शेततळे खोदायचंय, लोडर घेऊ का?" असे कोणी विचारले तर उत्तर 'नको' असेच आहे. तलावातला गाळ काढायलाही तो नको. २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतली कामे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की तिथे पोकलेन लागते.

मग सभासदांना हे यंत्र हवेसे का वाटते? एका वाक्यात सांगायचे तर उकिरडा उचलायला माणूस मिळत नाही. आणि ही तक्रार खोटी नाही. आपल्या बीड जिल्ह्याची गंमत म्हणा, दैव म्हणा, असे आहे की राज्यातल्या निम्म्या कारखान्यांना आपण माणसे पुरवतो आणि स्वतःच्या घरचे शेण भरायला आपल्याकडे माणूस नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कोयती ट्रकात बसून सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे निघून जातात. पूर्वहंगामी लागणीचे शेणखत निदान ती जाण्याआधी टाकता येते. पण सुरू उसाची लागण जानेवारी-फेब्रुवारीत. तिचे खत डिसेंबरात भरायचे, आणि डिसेंबरात गावात कोण असते? म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. गेल्या हंगामात एका सभासदाच्या घरी गेलो तर साठीच्या पुढच्या आजी डोक्यावर पाटी घेऊन ट्रॉलीत शेणखत टाकीत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "कामून बघता सायेब? पोरं तिकडं ऊस तोडतेत, मी हिकडं खत भरते. समदं उसाचंच हाय." या बोलण्यावर मी काय उत्तर देणार?

म्हणजे गरज खरी आहे. प्रश्न आहे तो या गरजेला हेच यंत्र लागते का, आणि लागत असेल तर ते एकट्याच्या नावावर असावे का, याचा.

या यंत्राचा जन्म कुठे झाला ते पाहिले की पुष्कळ उलगडा होतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचे लहानसे गाव आहे. तिथे लुई आणि सिरिल केलर या दोघा भावांचे लोहारकामाचे दुकान होते. जवळच्या एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याची अडचण अशी, की त्याचे पक्ष्यांचे गोठे दुमजली, आत खांबच खांब. घाण काढायला ट्रॅक्टर आत वळत नाही आणि वरच्या मजल्याला त्याचे वजन पेलत नाही. केलर बंधूंनी १९५७ साली त्याला तीन चाकांचे एक हलके यंत्र करून दिले, जे खांबांच्या मधून गिरक्या घेत फिरे. पुढच्या वर्षी मेलरो कंपनीने ते हक्क घेतले, १९६० मध्ये त्याला चौथे चाक आले आणि १९६२ मध्ये 'बॉबकॅट' हे नाव. यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की हे यंत्र गोठ्यासाठी, पक्क्या जमिनीसाठी आणि अडचणीच्या जागेसाठी जन्मले. त्याच्या निर्मात्यांपुढे उसाचे रान नव्हते, आणि मांजराकाठची काळी जमीन तर नव्हतीच नव्हती.

आपल्या जमिनीचे गुण मी तुम्हाला सांगावेत असे नाही. धनेगाव धरणाच्या आजूबाजूचा आणि मांजरेच्या काठचा पट्टा खोल काळ्या मातीचा. पाणी लागले की फुगते, वाळले की माणसाचा पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीत ओल असताना लोडर घातला तर दोन गोष्टी होतात. एक तर याचे पोट जमिनीला टेकलेले असते, ट्रॅक्टरसारखे उंच नसते. चाक जरा खोल गेले की पोट बसले. दुसरे म्हणजे वळताना हे यंत्र चाके फिरवीत नाही, घासते. पक्क्या ओट्यावर घासले तर टायर झिजतो. रानात घासले तर माती झिजते. ओल्या रानात चार गिरक्या मारल्या की तिथे रेड्याने लोळण घेतल्यासारखा खड्डा होतो.

उसाच्या रानात तर हे आणखी वाईट. तोडणी झाल्यावर "साहेब, पाचट गोळा करायला, मोळ्या उचलायला चालेल ना?" असे विचारणारे भेटतात. अहो, आपल्या सऱ्या चार-साडेचार फुटांच्या. यंत्राची रुंदी पाच-सहा फूट. त्याची चाके सरीत मावणार नाहीत, ती बेटांवरूनच जाणार. सरळ गेले तरी बेट दबते. वळले तर बेट मुळासकट हलते. ज्या खोडव्यातून आपल्याला लागणीच्या खर्चाशिवाय पीक घ्यावयाचे, त्याच खोडव्याच्या डोक्यावर तीन-साडेतीन टनांचे यंत्र नाचवायचे! पाचट तर रानातून उचलूच नये, ते सरीत आडवे ठेवून कुजवावे, हे मी याच अंकांतून इतक्यांदा लिहिले आहे की पुन्हा लिहीत नाही.

बालाघाटाच्या अंगाची जी गावे आहेत, मुरमाड, माळरानाची, तिथे गोष्ट थोडी वेगळी. तिथे दगडगोटे वेचून बांधाला लावणे, मुरूम पसरणे, घराभोवतीची जागा सपाट करणे, ही कामे लोडर छान करतो आणि रुततही नाही. पण अशी कामे एका शेतकऱ्याची किती दिवस पुरतात? एकदा दगड वेचले की ते दरवर्षी उगवत नाहीत.

आता माझी स्वतःची गोष्ट. नोकरीतल्या माणसाने घरचे सांगू नये म्हणतात, पण सल्ला द्यावयाचा तर आधी आपली चूक सांगितली पाहिजे.

२०१८ साली आमच्या घरी चौदा दुभती जनावरे होती. मी नोकरीवर, शेती आणि गोठा धाकटे बंधू पाहत. शेण भरायला माणूस मिळेना, आईची कंबर धरलेली. आम्ही दोघांनी एका शहरातल्या विक्रेत्याकडून जुना लोडर घेतला, नऊ लाखांना. काही पैसे साठलेले, काही पाहुण्यांकडून हातउसने, आणि उरलेल्यासाठी भावजयीचे दागिने बँकेत ठेवले. यंत्राचे तासमीटर कमी तास दाखवीत होते. ते मध्येच बंद करून ठेवलेले होते हे पुढे मेकॅनिककडून कळले. मी कृषी पदविकाधारक, शेतकऱ्यांना रोज सल्ले देणारा. पण त्या दिवशी मीटरचा आकडा वाचला आणि पिनांना हात लावून पाहिला नाही.

पहिल्या पावसाळ्यात ते गोठ्यामागच्या काळ्या रानात रुतले. दोन ट्रॅक्टर लावून ओढताना खालचा होज पाइप फाटला, पंपात माती गेली. सुटे भाग पुण्याहून यायचे. बावीस दिवस यंत्र लिंबाखाली उभे होते आणि त्या बावीस दिवसांत बँकेचे व्याज मात्र उभे राहिले नाही. बंधूंनी एका दोनशेपानी वहीत रोजचे तास लिहिले होते. वर्षअखेर बेरीज केली तर एकूण २१२ तास. त्यांतले घरचे काम ७०, उरलेले भाड्याचे, आणि त्या भाड्यातली निम्मी उधारी भावकीत अडकलेली. २०२१ मध्ये साडेचार लाखांना ते विकले. दागिने सुटायला २०२३ उजाडले. आमचे वडील फार बोलत नाहीत. यंत्र ट्रकवर चढताना एवढेच म्हणाले, "आपलंच शेण आपल्याला महागात पडलं."

पण न्यायाने बोलायचे तर त्या ७० तासांत यंत्राने जे काम केले त्याला तोड नव्हती. जो उकिरडा उपसायला सहा माणसांना चार दिवस लागत, तो एका दिवसात ट्रॉलीत गेला. आईने तीन वर्षांत पाटी उचलली नाही. म्हणून मी यंत्राला नावे ठेवीत नाही. आमचे काम ७० तासांचे होते आणि आम्ही हजार तासांचे यंत्र घेतले होते, एवढेच.

हे 'हजार तास' मी हवेतून काढलेले नाहीत. हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजण्यासाठी गोल घेतले आहेत, तुमच्या कोटेशनवरचे आकडे त्या जागी घालून पाहा. समजा नवा लोडर २५ लाखांना पडला. ५ लाख स्वतःचे भरले, २० लाख कर्ज, पाच वर्षे मुदत, ११ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ४३,५०० रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ ५ लाख २२ हजार. ड्रायव्हरला महिना १८ हजार धरला तर वर्षाचे २ लाख १६ हजार. विमा, ऑइल, फिल्टर, टायर, किरकोळ दुरुस्ती मिळून दीड लाख. झाले ८ लाख ८८ हजार, आणि अजून डिझेल घातलेले नाही. तासाला पाच लिटर डिझेल आणि लिटरला ९० रुपये धरले तर ४५० रुपये. भाडे तासाला १,२०० मिळाले तर हातात ७५० राहतात. ८ लाख ८८ हजाराला ७५० ने भागा : सुमारे १,१८० तास. इतके तास दरवर्षी यंत्र चालले तर ते फक्त बरोबरीत येते. सुरुवातीला भरलेले ५ लाख यात धरलेलेच नाहीत. पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने आपल्या भागात ते नीट चालणार नाही, म्हणजे उरलेल्या दिवसांत रोज साडेचार-पाच तास, एकही सुट्टी न घेता.

याच हप्त्याकडे उसाच्या भाषेत पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरविलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये होती. त्या दराने वर्षाचे हप्ते फेडायला १४७ टन ऊस लागतो, तोही तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वीच्या दराने. एकरी ३५ टन उत्पन्न धरले तर चार एकरांहून जास्त रान केवळ लोडरसाठी. सहा एकरवाल्या सभासदाने हे वाचावे आणि उरलेल्या दोन एकरांत घर, शिक्षण, लग्नकार्य, औषधपाणी कसे बसते ते मला सांगावे.

कराचीही एक बाब आहे, ती विक्रेता आपण होऊन सांगत नाही. ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लोडर मात्र माती-बांधकामाच्या यंत्रांत मोडतो, त्यावर १८ टक्के. २५ लाखांच्या यंत्रात ३ लाख ८१ हजार रुपये नुसता कर आहे. आणि बँकेत "हे शेतीचं यंत्र आहे" असे म्हणून चालत नाही. व्याजदर कोणत्या सदराखाली लागणार हे कागदावर लिहून घ्यावे.

इतके सांगूनही काही सभासद असे आहेत की ज्यांना मी 'घ्या' म्हणेन. ज्यांचा तीस-चाळीस जनावरांचा पक्क्या ओट्याचा गोठा आहे, जोडीला कोंबड्यांच्या शेड आहेत, रोज दोन-तीन तास यंत्राला घरचेच काम आहे, त्यांनी खुशाल विचार करावा. त्यांच्यासाठी निवडीबद्दल चार गोष्टी सांगतो.

पहिल्यांदा टेप घेऊन आपल्याच घरी जावे. गोठ्याचे सर्वांत अरुंद दार, सर्वांत बुटकी तुळई आणि गव्हाणींमधली वाट मोजावी. यंत्र त्यातून गेले पाहिजे, आणि नुसते गेले नव्हे तर बकेट उचलून ट्रॉलीवर रिकामी करता आली पाहिजे. ट्रॉलीच्या फळीची उंचीही मोजून न्यावी. भुजांचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात बकेट कमानीसारखी पुढे येत वर जाते, ती जमिनीवरच्या खरडण्याच्या कामाला बरी. दुसऱ्यात ती जवळजवळ सरळ उभी चढते आणि वरच्या टोकालाही पुढे पोहोच राहते. आपले मुख्य काम ट्रॉली भरणे, म्हणून दुसरा प्रकार घ्यावा, जरी तो थोडा महाग असला तरी.

मग वजन. पत्रकात एक आकडा असतो, चालू कामाच्या वजनाचा. ज्या वजनाला यंत्र पुढे कलंडते त्याच्या निम्मे वजन म्हणजे हा आकडा. हे 'निम्मे' आपल्या जिवासाठी राखलेले आहे, वापरण्यासाठी नव्हे. वाळके शेणखत हलके, त्यात अडचण येत नाही. पण ओली काळी माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते, ०.४ घनमीटरची बकेट काठोकाठ भरली की जवळजवळ ७०० किलो. सहाशे किलोच्या लहान यंत्राने ती उचलली तर मागची चाके हलकी होतात, आणि उतारावर असाल तर पुढचे सांगायला नको.

"एकाच यंत्राला चाळीस अवजारे लागतात" असे विक्रेते सांगतात. खरे आहे; खड्डे घेणारा गिरमिट, दगड फोडणारा ब्रेकर, झाडू, काटे, सगळे लागते. आपल्याकडे जू एकच आणि कुळव, पाभर, नांगर वेगवेगळे, तसाच हा प्रकार. परंतु सहा बैली नांगराला दोन बैल जुंपून चालत नाही. इथे बैलांच्या जागी तेल आहे. यंत्र मिनिटाला किती लिटर तेल अवजाराकडे ढकलते, हा आकडा विचारावा आणि अवजाराला किती लागते तेही विचारावे. साठ-सत्तर लिटर देणाऱ्या यंत्राला शंभर लिटर मागणारे अवजार लावले तर ते फिरते, काम करीत नाही आणि तेल तापते. शिवाय प्रत्येक अवजार वेगळ्या पैशाचे. बकेट आणि काटे यांच्यापलीकडे पहिल्या वर्षी काही घेऊ नये.

जुने यंत्र घेणाऱ्यांनी आमच्या चुकीवरून शहाणे व्हावे. मीटरवर विश्वास ठेवू नका. बकेटीला पहार लावून भुजांच्या पिना हलवून पाहा, किती ढिल्या आहेत ते हाताला कळते. यंत्र अर्धा तास चालवून गरम करा, मगच तपासा; थंड यंत्र सगळेच गुणी असतात. सपाट जागेवर दोन्ही दांडे सारखे ढकलून सरळ चालवा, एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूची मोटर थकली आहे. भरलेली बकेट उचलून तशीच धरा, भुजा आपोआप खाली उतरू लागल्या तर आतून तेल गळते आहे. आणि सुटे भाग कुठून येतात, बीड-लातूरला मेकॅनिक आहे का, हे किमतीच्या आधी विचारा.

जिवाची काळजी मी वेगळी सांगतो, कारण आपल्या गोठ्याजवळ पोरेबाळे खेळतात. या यंत्रातून मागचे जवळजवळ काही दिसत नाही. यंत्र चालू असताना लहान मूल, म्हातारे माणूस, वासरू अंगणात असता कामा नये. उचललेल्या बकेटीखाली किंवा भुजांखाली कोणी डोके घालू नये, ड्रायव्हरनेही नाही; खाली उतरायचे तर बकेट जमिनीला टेकवूनच. भरलेल्या यंत्राने चढ चढताना तोंड वर असावे आणि रिकाम्याने पाठ वर, कारण जड बाजू नेहमी चढाकडे राहिली पाहिजे. पट्टा आणि मांडीवरचा आडवा दांडा ज्याला जाच वाटतो त्याच्या हाती यंत्र देऊ नये, मग तो घरचा का असेना.

आता बाकीच्या, म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव सभासदांनी काय करावे? ज्यांच्या दारात पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे त्यांनी त्यालाच पुढचा लोडर बसवावा. काही लाखांत काम भागते, पंचवीस लाख लागत नाहीत. तो जागच्या जागी गिरकी घेणार नाही, गोठ्याच्या आत शिरणार नाही. त्यासाठी उकिरडा गोठ्याबाहेर, ट्रॉली फिरेल अशा जागी करावा लागेल. यंत्र बदलण्यापेक्षा उकिरड्याची जागा बदलणे स्वस्त. मात्र लोडर बसविल्यावर मागे वजन बांधल्याशिवाय ट्रॅक्टर चालवू नये, नाहीतर पुढच्या धुरीवर सगळा भार येतो. बसवण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या कंपनीकडून हमीबद्दल लेखी घ्यावे. काम संपले की लोडर उतरवून ट्रॅक्टर पुन्हा नांगरटीला, वाहतुकीला मोकळा.

आणि ज्यांना खरा स्किड स्टिअरच हवा त्यांनी तो गटाने घ्यावा. वर मांडलेल्या हिशेबात बारा सभासद, प्रत्येकाचे ७० तास असे धरले तर ८४० तास होतात. उरलेले साडेतीनशे तास आसपासचे गोठे आणि शेड देऊ शकतात. सेवा सोसायटी किंवा शेतकरी गटाच्या नावावर अवजारे बँक करता येते. अनुदानाच्या यादीत हे यंत्र बसते का ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे आणि महाडीबीटीवर अर्ज करण्यापूर्वी खरेदी करू नये. गटात भांडणे होतात हे मला मान्य आहे. सामाईक विहिरीच्या पाळ्या ज्यांनी तीन पिढ्या सांभाळल्या त्यांना हे शिकवावयास नको, आणि ज्यांनी त्या कोर्टात नेल्या त्यांनाही नको! पण इथे पाण्याइतका जीव गुंतलेला नाही. फळ्यावर नंबर लागावा, तास मीटरवर मोजावेत, ड्रायव्हर पगारी असावा आणि उधारी अध्यक्षालाही नसावी. आमचे पैसे जिथे बुडाले ती जागा उधारीचीच होती.

कारखान्याकडेही माझे एक मागणे आहे, नोकर असलो तरी मांडतो. कंपोस्ट यार्डातून प्रेसमड नेणारे सभासद ट्रॉली घेऊन ताटकळत उभे राहतात आणि शेवटी फावड्याने भरतात. तिथे जमीन पक्की आहे आणि काम हंगामभर आहे. लोडर असावा तर आधी तिथे असावा, आणि गाळप नसताना तोच सभासदांच्या उकिरड्यांवर ठरलेल्या भाड्याने जावा. डिसेंबरात आजी पाटी घेऊन उभ्या असतात त्या दिवशी तो त्यांच्या दारी पोहोचेल असे वेळापत्रक करणे अवघड आहे, कारण गाळपही तेव्हाच जोरात असते. पण दोन यंत्रे असतील तर एक मोकळे ठेवता येईल. याची टाचणी मी संचालक मंडळापुढे ठेवली आहे.

ज्यांच्या खिशात आज कोटेशन आहे त्यांनी सही करण्यापूर्वी एकदा गट कार्यालयात यावे. येताना कागदाबरोबर आपल्या घरच्या कामाचे वर्षाचे तास लिहून आणावेत, अंदाजाने नव्हे, महिन्या-महिन्याचे. आमच्या बंधूंची ती दोनशेपानी वही मी कपाटात ठेवली आहे, कशी लिहायची ते पाहायला मिळेल. बंधूंनी गेल्या वर्षी ट्रॅक्टरला पुढचा लोडर बसविला. तो चालताना पाहायचा असेल तर रविवारी सकाळी ते घरीच असतात, मी रस्ता सांगतो.

— ऊस विकास अधिकारी